रेणू, अणू आणि परमाणु

गेल्या वर्षीच्या पहिल्या घटक चाचणीतली एक उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे. इयत्ता नववी, विज्ञान, धडा ‘द्रव्याचे मोजमाप’. प्रश्न एका गुणाचा होता: पाण्याच्या एका रेणूत किती अणू असतात? खाली निळ्या शाईत, अडखळत्या मराठीत उत्तर आहे: ‘पाण्याचे एक अणु मध्ये तीन परमाणु असतात.’ त्यावर माझी लाल फुली आहे. शेजारी मी लिहिलंय, ‘संकल्पना स्पष्ट नाही. धडा पुन्हा वाच.’

ती फुली चुकीची होती. हे मला कळायला सहा महिने लागले.

आमची शाळा चाकण एमआयडीसीच्या कडेला आहे. मराठी माध्यमाची, माध्यमिक. मी इथे विज्ञान शिकवायला लागले तेव्हा पटावर आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरचीच मुलं असायची. मग कारखाने वाढत गेले, बटाट्या-कांद्याच्या शेतांत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या आणि पट बदलला. गेल्या वर्षी नववीच्या माझ्या तुकडीत बावन्न मुलं होती. घरी काय बोलता, असं मी एकदा प्रत्येकाला विचारलं तेव्हा फळ्यावर सात नावं झाली: मराठी, अहिराणी, गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली), कन्नड, भोजपुरी, बुंदेली, नेपाळी. हिंदीसाठीही बरेच हात वर झाले होते, पण खोदून विचारल्यावर ती शाळेतली किंवा मोबाइलमधली हिंदी निघाली. घरात आईशी बोलायची भाषा वेगळीच होती.

हा मुलगा सिवान जिल्ह्यातून आलेला, म्हणजे बिहारच्या पश्चिम टोकाचा. वडील एका कारखान्यात प्रेसवर कामाला. तिकडे तो नववीत होता. वर्ष अर्धं झाल्यावर वडिलांनी सगळ्यांना इकडे आणलं आणि जूनमध्ये आमच्याकडे पुन्हा नववीतच प्रवेश झाला. वर्गात तो मागून दुसऱ्या बाकावर बसायचा. वही स्वच्छ, अक्षर गोल, प्रश्न कधी विचारायचा नाही. त्याला विज्ञानात गती नाही, अशी नोंद मी मनात करून टाकली होती. हे लिहिताना आजही जड जातं.

फेब्रुवारीत विज्ञान दिनासाठी मुलांकडून भित्तिपत्रकं करून घेतो. त्यानं तारापूरचं वीज केंद्र काढलं होतं. घुमट, पाणी, वाफ, जनित्र, बाण काढून सगळं नीट दाखवलेलं. वर हिंदीत मथळा होता, ‘परमाणु ऊर्जा’. मी जाता जाता म्हटलं, “छान झालंय. फक्त मराठीत कर, अणुऊर्जा लिही.” त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि वर्षात पहिल्यांदा मला प्रश्न विचारला.

“मैडम, अणु से कैसे निकलेगी? ऊर्जा तो परमाणु के नाभिक से निकलती है।”

मी थांबले. नाभिक म्हणजे केंद्रक, हे मला लगेच लागलं. पण अणूतून नाही, परमाणूतून? मग मी त्याला विचारलं, “परमाणु म्हणजे काय सांग बरं.” त्यानं सांगितलं: हायड्रोजनचा एक, ऑक्सिजनचा एक, सोडियमचा एक. “आणि अणु?” तर म्हणाला, “परमाणु जुड़कर अणु बनता है। जैसे पानी का।”

दुसऱ्या दिवशी तो आपलं जुनं हिंदी पुस्तक घेऊन आला. धड्याचं नावच होतं ‘परमाणु एवं अणु’. आपण मराठीत ज्याला अणू म्हणतो तो हिंदीत परमाणु आणि आपण ज्याला रेणू म्हणतो तो हिंदीत अणु. आता पुन्हा ते उत्तर वाचा: पाण्याच्या एका ‘अणु’मध्ये तीन ‘परमाणु’ असतात. दोन हायड्रोजनचे, एक ऑक्सिजनचा. त्याला गुण द्यायचं सोडून मी त्याला धडा पुन्हा वाचायला लावला होता. तो धडा त्यानं माझ्याआधी दुसऱ्या कुणाकडून नीट शिकून घेतला होता.

कपाटातून गठ्ठा काढला, फुली खोडली, एक गुण लिहिला आणि वर्गासमोर त्याला उत्तरपत्रिका दिली. कुणाचं काय चुकलं होतं तेही सांगितलं. तेव्हाच का नाही बोललास, असं मी नंतर त्याला एकट्याला विचारलं. तो म्हणाला, “मुझे लगा, महाराष्ट्र में अलग होता होगा।” म्हणजे पंधरा वर्षांचं पोर सहा महिने असं समजून चाललं होतं की राज्य बदललं की पाणी कशाचं बनतं तेही बदलतं. आणि तसं समजायला मीच लाल शाईनं पुरावा दिला होता.

त्यानं ती उत्तरपत्रिका घरी न्यायला नको म्हटलं, म्हणून ती माझ्याकडे राहिली.

त्या रविवारी मी आमचं नववीचं पुस्तक आणि त्याचं पुस्तक शेजारी शेजारी ठेवून बसले. मराठी आणि हिंदी दोन्हीकडे विज्ञानाचे शब्द संस्कृतातूनच घेतले. पण इकडची परिभाषा वेगळ्या मंडळींनी घडवली, तिकडची वेगळ्या. आपल्याकडे भाषा संचालनालय १९६०चं, दिल्लीतला वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग १९६१चा, आणि त्यांच्याही आधीपासून चालत आलेले शब्द होतेच. एकाच कोठारातून दोघांनी धान्य घेतलं आणि वेगवेगळ्या मापांनी मोजलं. शिवाय जुन्या परंपरेकडे पाहिलं तर माझ्या विद्यार्थ्याचा शब्द तिला जास्त धरून आहे. कणादांच्या वैशेषिक दर्शनात अविभाज्य कणाला परमाणूच म्हणतात. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि कवडशात तरंगताना दिसतो तो बारीक कण म्हणजे त्र्यणुक. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सिवानचा मुलगा बाकावर ताठ बसला होता.

त्या रविवारी आणखी काय काय सापडलं ते सांगते, कारण मराठी शाळेत हिंदी भागातली मुलं असलेल्या प्रत्येक शिक्षकाला याचा उपयोग होईल.

आपली ‘पेशी’ हिंदीत ‘कोशिका’ आहे. हिंदीत पेशी म्हणजे मांसपेशी, म्हणजे आपला स्नायू. आणि हिंदी पुस्तकातला ‘स्नायु’ म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारा तो बंध, आपला अस्थिबंध. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मी दरवर्षी म्हणते, “बघा, पेशी दिसतात का.” एका वर्षी बुंदेलखंडातल्या एका मुलीनं घाबरत विचारलं होतं की कांद्यात मांस असतं का. तेव्हा वर्ग हसला होता आणि मीही “नाही गं” म्हणून पुढे गेले होते. तिचा प्रश्न किती बरोबर होता ते आता कळतं. तिच्या भाषेत मी ‘कांद्याचे स्नायू बघा’ असंच म्हटलं होतं.

‘क्षार’ त्याहून वाईट. आपल्याकडे आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार तयार होतो, म्हणजे मीठ. हिंदीत त्याला लवण म्हणतात. तिकडे क्षार म्हणजे अल्क, चुन्याचं किंवा कॉस्टिक सोड्याचं पाणी. ‘क्षार लाल लिटमसला निळा करतो’ हे वाक्य हिंदीत बरोबर आणि मराठीत चूक. अशी उत्तरं मी किती वेळा खोडली असतील, त्याचा हिशेब आता लागणार नाही.

आणि ‘विकिरण’. आकाश निळं दिसतं ते प्रकाशाच्या विकिरणामुळे, असं आपण शिकवतो. हिंदीत त्याला प्रकीर्णन म्हणतात. तिकडे विकिरण म्हणजे सूर्याची उष्णता पोकळीतून आपल्यापर्यंत पोचते ती रीत, आपलं प्रारण. मूल नुसतं गोंधळत नाही, त्याला आपण बरोबरच आहोत अशी खात्री असते. परका शब्द आला तर मूल निदान थबकतं. ओळखीच्या शब्दाचा अर्थ बदलला असेल तर थबकायचं कारणच उरत नाही.

मी स्वतः जत तालुक्याच्या पूर्वभागातली. आमच्या घरात कन्नड. गावात जिल्हा परिषदेच्या दोन शाळा होत्या, एक कन्नड, एक मराठी, आणि वडिलांनी मला मराठीत घातलं. तिसरीत गुरुजींनी विचारलं, खोडालाच फळं लागतात असं झाड कोणतं? मी हात वर करून म्हटलं, “अत्ती.” वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, “उंबर म्हण, उंबर.” गुरुजी वाईट नव्हते, त्यांनी पुढे मला पुष्कळ शिकवलं. पण अत्तीचं फळ फोडलं की आत चिलटं वळवळतात, ती आत कुठून जातात ते मी तास तास बघत बसायचे, हे मला सांगायचं होतं. ते राहून गेलं आणि त्यानंतर बराच काळ मी हात वर केला नाही. हे सगळं माझ्या अंगावरून गेलेलं असूनही तीच गोष्ट मी दुसऱ्याच्या लेकराला केली. म्हणून त्या फुलीचं मला इतकं लागलं.

त्यानंतर काय केलं ते सांगते. सगळं जमलं असं नाही.

पहिला प्रयत्न फसला. मी प्रत्येक वाक्य आधी मराठीत, मग हिंदीत सांगायला लागले. आठवड्याभरात मराठी मुलं कंटाळली, तास पुरेना, आणि कलबुर्गीकडची कन्नड मुलगी होती तिथेच राहिली, कारण तिला हिंदीही माझ्या मराठीइतकीच परकी होती. गोरमाटी बोलणाऱ्या पुसदकडच्या दोन मुलांना तर हिंदीची गरजच नव्हती. परप्रांतीय म्हणजे हिंदी, ही माझी समजूत तेव्हा मोडली. दुसरा प्रयत्नही बरा नव्हता. सिवानच्या मुलाशेजारी मी मराठी उत्तम येणारा दुसरा बिहारी मुलगा बसवला, दुभाष्या म्हणून. तो मुलगा इतका मन लावून समजावत बसायचा की त्याची स्वतःची वही अर्धवट राहायला लागली. त्याच्या आईनं येऊन सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलाला शिक्षकाचं काम देऊन मी मोकळी झाले होते.

जमलं ते आधणापासून.

उत्कलनबिंदूचा प्रयोग होता. स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र, तापमापी. पाणी तापेपर्यंत मी सहज विचारलं, घरी भात टाकण्याआधी जे पाणी चुलीवर ठेवतात त्याला काय म्हणतात? खेडची मुलगी म्हणाली, “आधण.” आणि मागून सिवानचा मुलगा जवळजवळ ओरडलाच, “अदहन! हमरो में अदहन बोलते हैं!” वर्ग वळून बघायला लागला. आधण, अदहन. दीडेक हजार किलोमीटरांच्या दोन टोकांना दोन आज्या एकाच शब्दानं भात टाकतात. मी कलबुर्गीच्या मुलीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, “एसरु.” माझी आईही एसरूच म्हणायची. तो शब्द मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. नेपाळच्या मुलीनं सांगितलं, पाणी ‘उम्लिन्छ’, आणि वाफेला म्हणाली ‘बाफ’. मग फळ्यावर एका ओळीत आलं: वाफ, भाप, बाफ. त्यांच्या वर मी लिहिलं ‘बाष्प’. त्या दिवशी ‘बाष्पीभवन’ हा शब्द कुणाला पाठ करायला लागला नाही.

पुढे तास माझ्या हातात राहिला नाही आणि ते बरंच झालं. आधण आलं हे आई कशावरून ओळखते? झाकण थडथडतं. आवाज बदलतो. आधी तळाशी बारीक बुडबुडे चिकटतात, ते आधण नव्हे, असं एकानं ठासून सांगितलं. बरोबर आहे, ती पाण्यात विरघळलेली हवा असते, तापलं की ती बाहेर पडते. नंतर तळापासून वरपर्यंत येतात ते मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे. हा फरक पुस्तकातून समजावताना माझी दरवर्षी दमछाक व्हायची. त्या दिवशी तो मुलांनीच मला सांगितला, पाच भाषांत.

मग तापमापी ९८ अंशांवर थांबली. पाणी खळखळतंय, पारा पुढे सरकत नाही. मुलं म्हणाली तापमापी बिघडली. पुस्तकात तर १०० लिहिलंय. चाकण समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. साधारण तीनशे मीटर चढलं की उत्कलनबिंदू एक अंशानं उतरतो, कारण वरच्या हवेचा दाब कमी होतो. मी विचारलं, आपल्या वर्गात कुणाच्या गावी पाणी शंभराच्या सर्वांत जवळ उकळेल? नकाशा काढला. सिवान गंगेच्या मैदानात, समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांच्याही खाली. “मेरे गाँव में सौ होगा!” नेपाळच्या मुलीचं गाव डोंगरात. दीड हजार मीटरांवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. ती म्हणाली, गावी आजी भातावर दगड ठेवते, झाकणावर. का ठेवते ते तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. आता तिनंच सांगितलं, आतला दाब वाढायला.

वेगवेगळ्या गावांहून आलेली मुलं वर्गात नसती तर हा धडा झालाच नसता. बाहेरून आलेल्या मुलांना ‘सामावून घ्या’ असं प्रशिक्षणात सांगतात तेव्हा मला तो शब्द अपुरा वाटतो. त्या दिवशी त्यांच्यावाचून माझा प्रयोग अडला असता.

कलबुर्गीची ती मुलगी आता दहावीत आहे. आईवडील बांधकामावर. ती अत्यंत कमी बोलते आणि तिला बोलतं करायला मी कन्नडचा आधार घेते. यंदा रासायनिक अभिक्रियांच्या धड्यात कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं. तिला विचारलं, “नोडीयेनु?” पाहिलंयस का? आणि मग ती बोलत सुटली. गावी सणाआधी भिंती पांढऱ्या करायच्या असतात, मडक्यात सुण्णाचे म्हणजे चुन्याचे खडे टाकून वर पाणी ओततात, मुलांना लांब उभं करतात, मडकं फुसफुसतं, डोळ्यात उडालं तर डोळा जातो. “बेंकी इल्लद कुदीतदरी,” विस्तवाशिवाय उकळतं. मी फळ्यावर लिहिलं, उष्मादायी अभिक्रिया, आणि शेजारी तिचं वाक्य देवनागरीत. कॅल्शियम ऑक्साइड, पाणी, कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि उष्णता. समीकरण तिनंच पूर्ण केलं. चाचणीत तिनं ‘उष्मादायी’ची व्याख्या मराठीत लिहिली, दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते, बाकी सगळं बरोबर.

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी मला विचारलं, आणि त्यांचा प्रश्न योग्य होता: “मॅडम, तुमचं खरं. पण बोर्डाच्या पेपरात पोरानं परमाणू लिहिलं, तर तपासणारा गुण देणार आहे का?” नाही देणार. देऊ शकणार नाही. दहावीला विज्ञानाचे दोन भाग, चाळीस चाळीस गुणांचे, आणि तपासणाऱ्याच्या हातात उत्तरांचा नमुना असतो. म्हणून मराठी परिभाषा मी सोडलेली नाही. ती पक्की करून घेते. फक्त क्रम बदलला आहे. आधी मुलं आपापसात हव्या त्या भाषेत बोलतात, हातवारे करतात, चित्र काढतात. मग तेच सोप्या मराठीत सांगायचं, घरगुती शब्द चालतात. पुस्तकातला शब्द शेवटी. तो तेव्हा येतो जेव्हा त्याला चिकटायला काहीतरी असतं. आणि उत्तर तपासताना परका शब्द दिसला की मी आता फुली मारत नाही, त्याच्याखाली निळी रेघ ओढते. निळी रेघ म्हणजे ये आणि मला समजाव. समजावता आलं तर विज्ञान बरोबर, शब्द बदलायचा. नाही आलं तर मात्र धडा पुन्हा.

बालभारतीचा या कामी मोठा आधार झाला. नववीचं हेच विज्ञान हिंदी, कन्नड, उर्दू, गुजराती माध्यमांसाठीही त्यांनी छापलं आहे. धडे तेच, चित्रं तीच, आणि पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. मराठी पुस्तकातली आकृती उघडायची आणि हिंदी पुस्तकातली तीच आकृती शेजारी ठेवायची. नावं आपोआप एकमेकांसमोर येतात. वेगळं भाषांतर करावं लागत नाही. मी हे इतकी वर्षं का केलं नाही, याचं माझ्याकडे उत्तर नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. ही मुलं सहा महिन्यांत मैदानावर फर्डं मराठी बोलायला लागतात. कबड्डीत भांडतात मराठीत, वाण्याकडे हिशेब करतात मराठीत. मग आपल्याला वाटतं, याला मराठी येतं, विज्ञान येत नाही म्हणजे डोकंच कमी. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच बोलण्याची भाषा आणि शिकण्याची भाषा यांत फरक केला होता. नव्या भाषेत गप्पा मारायला मुलाला दोनेक वर्षं पुरतात, पण त्या भाषेतली पुस्तकं पेलायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांच्या अभ्यासातून दिसलं. नववीत आलेल्या मुलाकडे दहावीच्या परीक्षेपर्यंत दोन वर्षंही नसतात. हे वाचल्यापासून मी मैदानावरच्या मराठीवरून वर्गातलं अनुमान काढत नाही.

खरं तर अकरावीत गेल्यावर माझी सगळीच मुलं त्या सिवानच्या मुलासारखी होतात. विज्ञान शाखा इंग्रजीतून. खेडच्या मुलीला तिथे ‘आम्लारी’ कामाला येत नाही आणि तिच्या तोंडून ‘बेस’ निघत नाही. दरवर्षी दिवाळीत माझी हुशार मुलं भेटायला येतात आणि सांगतात, मॅडम, येतं सगळं, पण सरांना सांगता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या भाषांतले विज्ञानाचे शब्द शेजारी शेजारी मांडणारा जो तक्ता आम्ही केलाय, त्यावर इंग्रजी शब्दांचा रकाना मी देवनागरीत ठेवला आहे. अ‍ॅटम, मॉलिक्यूल, सेल, टिश्यू. पण सगळं थेट इंग्रजीतच करून टाका म्हणजे भांडण मिटलं, असं काही पालक म्हणतात, ते मला पटत नाही. मग आधण आणि अदहन दोन्ही जातील आणि प्रयोगशाळेत पुन्हा शांतता पसरेल.

छठपूजेचंही लक्षात ठेवायला लागले आहे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते. बिहारची मुलं गावी जातात आणि दुसरं सत्र सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांनी परततात. पूर्वी त्या दिवसांत मी नवा धडा सुरू करायचे आणि ती मुलं आली की ‘मित्राची वही बघून घे’ म्हणायचे. आता त्या आठवड्यात प्रयोगवही, उजळणी, प्रश्नसंच असं काहीतरी घेते. गावाहून येताना काय बघितलं ते विचारते. सिवानचा मुलगा गेल्या वेळी एक बाटली घेऊन आला, गावच्या चापाकलचं पाणी. चापाकल म्हणजे हातपंप. उपसलं तेव्हा स्वच्छ होतं, म्हणाला, ठेवलं की पिवळं होतं. जमिनीखालचं विरघळलेलं लोह हवेतल्या ऑक्सिजनशी भेटलं की गंजासारखं खाली बसतं. बाटलीच्या तळाशी तो साका सगळ्यांनी बघितला. ती बाटली प्रयोगशाळेत फळीवर आहे, तिच्यावर त्यानं चिठ्ठी चिकटवली आहे, एका बाजूला मराठी, एका बाजूला हिंदी.

तक्ता प्रयोगशाळेच्या दाराजवळ लावलाय. चार कार्डशीट चिकटवून केलेला. जे शब्द दोन भाषांत एकसारखे दिसतात आणि अर्थ वेगळा असतो, ते मुलांनी लाल चौकटीत घातले: अणू, पेशी, स्नायू, क्षार, विकिरण. कन्नडच्या रकान्यात पेशीपुढे ‘जीवकोश’ आहे, आम्लारीपुढे ‘प्रत्याम्ल’. गोरमाटीचा रकाना पुस्तकी शब्दांपुढे रिकामा आहे, कारण त्या भाषेत नववीचं विज्ञानाचं पुस्तक नाही. तिथे पुसदची दोघं घरी विचारून जे शब्द मिळतील ते लिहितात.

या जूनमध्ये आठवीत ओडिशाची एक मुलगी आली. पहिल्या दिवशी ती दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला तक्त्याकडे नेलं, अणूवर बोट ठेवलं, एक गोळा काढून दाखवला आणि तिच्याकडे बघितलं. ती काही बोलली नाही. सिवानचा मुलगा प्रयोगवही जमा करायला आला होता. तो थांबला, तक्त्यावर दोन छोटे गोळे आणि एक मोठा काढून जोडले आणि तिला विचारलं, “ये?”

“अणु,” ती म्हणाली. मग सुट्या गोळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “परमाणु.”

“सेम!” तो माझ्याकडे वळून म्हणाला. “मैडम, इसका भी सेम है।” त्यानं पट्टी घेऊन शेवटच्या रकान्याशेजारी एक नवी रेघ ओढली आणि तिच्या हातात स्केचपेन दिलं. तिनं गोल गोल अक्षरांत दोन शब्द लिहिले. मला ती लिपी वाचता येत नाही. मी तिला ते पुन्हा सावकाश म्हणायला सांगितलं आणि खाली देवनागरीत लिहून घेतले.